नकाराचा अर्थ कोणी लावायचा? : प्रणयनाट्य, रसाभास आणि विस्रंभ

प्रणयकथेला अडथळा लागतो. दोघे भेटले, एकमेकांना आवडले आणि सुखाने नांदू लागले, एवढ्यावर आख्यान उभे राहत नाही. हा अडथळा कधी बाहेरचा असतो : बाप, राजा, जात, दारिद्र्य. कधी तो नायिकेच्या मनातच ठेवला जातो. ती 'नाही' म्हणते. पहिल्या प्रकारात नायक-नायिका एका बाजूला आणि अडथळा दुसऱ्या बाजूला असतो. दुसऱ्या प्रकारात नायिकेची इच्छा हाच अडथळा ठरतो; आणि अडथळा दूर करणे हे नायकाचे आख्यानगत कर्तव्य असल्यामुळे तिचा नकार मोडून काढणे हेच त्याच्या प्रेमाचे प्रमाण मानले जाते. प्रणयनाट्यातील स्त्रीच्या छळाचा प्रश्न मुळात या रचनेतून उद्भवतो. नायकाचा स्वभाव उद्धट की सुसंस्कृत, हा त्या मानाने दुय्यम मुद्दा आहे.

आज हा प्रश्न कोरियन प्रणयमालिकांच्या निमित्ताने नव्याने पुढे आला आहे. हिंदी भाषांतरित संवादांसह या मालिका भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आल्या आणि भंडारा, तुमसर, साकोली यांसारख्या गावांतील महाविद्यालयीन तरुणींपर्यंतही पोहोचल्या. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' (२००९) या मालिकेत एका धनाढ्य उद्योगसमूहाचा वारस गु जुन-प्यो हा कपडे धुण्याचे दुकान चालविणाऱ्याची मुलगी गुम जान-दी हिच्यावर संपूर्ण शाळा सोडतो. पुढे तो तिला बळाने उचलून आपल्या प्रासादात आणवितो, नव्या कपड्यांनी सजवितो आणि याबद्दल तिने कृतज्ञ असावे अशी अपेक्षा करतो. 'सीक्रेट गार्डन' (२०१०-११) मधील श्रीमंत नायक चित्रपटांत साहसदृश्ये करणाऱ्या गिल रा-इमच्या मागे लागतो आणि तिने झिडकारल्यानंतरही तिच्या कामाच्या जागी पुनःपुन्हा हजर होतो. निघून जाणाऱ्या स्त्रीचे मनगट धरून तिला ओढून नेणे हा तर या मालिकांचा जवळजवळ रूढ संकेत आहे. 'सीक्रेट गार्डन'ची लेखिका किम उन-सुक ही स्त्री आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. एखाद्या रूपबंधात रुजलेला पुरुषी दृष्टिकोन लेखकाच्या लिंगावर अवलंबून नसतो.

या संकेतामागील यंत्रणा पाहण्यासारखी आहे. नायिका मान फिरवते तेव्हा कॅमेरा तिचा चेहरा जवळून दाखवितो. पार्श्वसंगीत मृदू होते. एकांतात ती हसते आणि हे हसू फक्त प्रेक्षकाला दिसते. अशा रीतीने प्रेक्षकाला एक सर्वज्ञता बहाल केली जाते : ती काय बोलते ते तो ऐकतो आणि तिला 'खरे' काय म्हणायचे आहे तेही तो जाणतो. नायकाजवळ हे ज्ञान नसते, तरी तो जणू ते असल्याप्रमाणे वागतो, आणि पुढील भागांत घटनाक्रम त्याला बरोबर ठरवितो. स्त्रीच्या उच्चारावर विश्वास ठेवू नये, तिच्या शब्दांपेक्षा तिच्या देहाची साक्ष ग्राह्य मानावी, हा धडा मालिका कोठेही उच्चारत नाही. पाहण्याची सवय म्हणून तो प्रेक्षकाच्या अंगवळणी पडतो.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे चित्र एकांगी आहे. तो अंशतः खरा आहे. दक्षिण कोरियात जानेवारी २०१८ मध्ये सो जी-ह्यून या महिला सरकारी वकिलाने दूरचित्रवाणीवर आपल्या छळाची वाच्यता केली आणि तेथे मोठे मंथन झाले. त्याच वर्षीच्या 'समथिंग इन द रेन'मध्ये कार्यालयीन मेजवान्यांतून नायिकेला सोसावी लागणारी वरिष्ठांची लगट नीट दाखविली आहे. संबंध तोडल्याचे मान्य न करणारा तिचा पूर्वीचा प्रियकर तेथे हिंसक म्हणूनच येतो. पाठलागाला शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा त्या देशात २०२१ मध्ये झाला. म्हणजे रूपबंध बदलू शकतो. मात्र खलपात्राने केलेला पाठलाग हिंसा आणि नायकाने केलेला तोच पाठलाग निष्ठा, ही विभागणी जोवर टिकून आहे तोवर बदल अपुराच राहील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या मालिका पाहणाऱ्या मुली अजाण नाहीत. कल्पित आणि वास्तव यांतील भेद त्यांना कळतो. मग त्यांच्या आनंदावर समीक्षकाने पहारा का बसवावा? जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांचे ऐकून घेतले. घरकामाच्या रहाटगाडग्यातून काढलेला वाचनाचा वेळ त्या स्त्रियांना स्वतःचा वाटत होता, आणि नायकाच्या कठोरपणाचा अर्थ त्या 'दडलेली माया' असा लावत होत्या. या आनंदाला तुच्छ लेखणे हाही स्त्रीच्या शब्दावरील अविश्वासच ठरेल. तेव्हा प्रश्न असा मांडावा लागतो : आस्वाद नाकारला न जाता त्याची नैतिक चिकित्सा कशी करावी?

या प्रश्नाला आपल्या काव्यशास्त्रात एक उत्तर उपलब्ध आहे, ते म्हणजे रसाभासाची संकल्पना. रावणाची सीतेविषयीची रती हे अभिनवगुप्ताने दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. ती रती एकतर्फी असल्यामुळे तेथे शृंगार नसून शृंगाराचा आभास आहे. महत्त्वाचे म्हणजे, तन्मयतेच्या क्षणी प्रेक्षकाला तो शृंगारच भासतो, हे अभिनवगुप्त मान्य करतो. मागचापुढचा विवेक त्या क्षणी सुटलेला असतो. विवेक परतला की आभास आभास म्हणून कळतो. म्हणजे आस्वाद खोटा नव्हे आणि चिकित्सा अरसिकपणा नव्हे. दोन्ही एकाच रसिकाच्या दोन अवस्था आहेत. मालिका पाहताना हुरळणारी आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रसंगाने अस्वस्थ होणारी तरुणी स्वतःशी विसंगत नसते.

ही संकल्पना जशीच्या तशी उचलता मात्र येत नाही. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त शृंगाराभासाच्या यादीत एकतर्फी रतीबरोबरच गुरुपत्नीविषयीची रती आणि 'अधम' पात्राची रती हीदेखील बसविलेली आहे. येथे औचित्याचा निकष दोघांच्या इच्छेकडून सामाजिक उतरंडीकडे सरकतो. खैरलांजीतील २००६ चे हत्याकांड ज्या जिल्ह्यात घडले, तेथे उतरंडीवर आधारलेले औचित्य नैतिक मूल्य म्हणून स्वीकारणे अशक्य आहे. म्हणून रसाभासाच्या कल्पनेतून एकच धागा निवडून घ्यावा लागेल : रती उभयनिष्ठ आहे की नाही.

हा धागा आपल्या भूमीला परका नाही, हे भवभूतीच्या आधारे दाखविता येते. भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपले मूळ गाव पद्मपूर असल्याचे सांगितले आहे. वा. वि. मिराशी यांनी ते आमगावजवळचे पद्मपूर म्हणून ओळखले; १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव भंडारा जिल्ह्यात होते. 'मालतीमाधवा'त राजाच्या मर्जीतील नंदनाशी मालतीचा विवाह ठरतो, आणि तिच्या जागी माधवाचा मित्र मकरंद नववधूच्या वेषात उभा केला जातो. नंदन 'वधू'ची आर्जवे करतो, मग बळजबरी करू पाहतो आणि मार खाऊन परततो. सातव्या अंकात हा वृत्तान्त सांगितला जात असताना भवभूती कामसूत्रातील मताचा आधार घेतो : विश्वास संपादन करण्यापूर्वी बळाने जवळीक केली, तर स्त्रीच्या मनात त्या संबंधाविषयीच द्वेष उत्पन्न होतो. कामसूत्रात हा विषय ज्या अध्यायात येतो, त्याचे नावच 'कन्याविस्रम्भण' असे आहे. विस्रंभ म्हणजे विश्वास, निर्धास्तपणा.

तथापि भवभूतीच्या विनोदाची मर्यादाही पाहिली पाहिजे. नंदनाचा डाव फसतो तो वधूच्या वेषाखाली पुरुषाचे बाहू असतात म्हणून. खऱ्या मालतीचा नुसता नकार तेथे पुरला असता का, याचे उत्तर नाटक देत नाही. शिवाय नंदनाची बहीण मदयंतिका भावाला जाब विचारीत नाही. नकार देणाऱ्या वधूचीच कानउघाडणी करायला ती येते. झाडीपट्टीच्या खडी गंमतीत पुरुषच स्त्रीवेष घेऊन नाचत असे. वेषाखाली पुरुष आहे हे जाणणारा प्रेक्षक त्या 'स्त्री'च्या छेडछाडीवर निर्धास्तपणे हसू शकतो. तमाशातील गवळणीत वाट अडविणारा कान्हा आणि लटके रागावणाऱ्या गवळणी यांचा खेळही दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या संकेतावर चालतो. संकेत दोघांनाही मान्य असतो तोवरच त्या नकाराला 'लटका' म्हणता येते. रस्त्यावरच्या मुलीने असा कोणताही करार केलेला नसतो.

तिच्या बाबतीत हा अर्थ लावण्याचा अधिकार दुसऱ्याने घेतला की काय होते, याचा दाखला लाखांदूर तालुक्याच्या सीमेपलीकडे, देसाईगंज येथे आहे. वडसा या नावाने हेच गाव आज झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र म्हणून ओळखले जाते. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली की तेथल्या नाटक मंडळ्या गावोगावी रात्रभराचे प्रयोग करतात. याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निमूट शरण जाणे आणि संमती देणे यांत भेद केला आणि त्यांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निर्णय फिरविला. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, ती ओरडली नव्हती, या बाबींवर तेथे भर दिला गेला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने या निकालाला आव्हान दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली : पोलीस कोठडीतील बलात्कारासारख्या खटल्यांत संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नसल्याचे सांगितले, तर न्यायालयाने तिचे म्हणणे गृहीत धरावे.

न्यायनिर्णय आणि प्रणयमालिका यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. सत्ता, वर्दी आणि कोठडी यांचे वास्तव कोणत्याही कल्पिताहून भयंकर आहे. मात्र दोन्ही ठिकाणी वाचनाची रीत एक आहे. तिचा शब्द बाजूला ठेवायचा, देहावरून अर्थ काढायचा आणि मौनाला होकार समजायचे. १९८३ च्या दुरुस्तीने त्या मर्यादित क्षेत्रात तिच्या शब्दाला प्रथम स्थान दिले. २०१३ च्या दुरुस्तीने स्त्रीने स्पष्ट अनास्था दाखविल्यानंतरही तिचा पाठलाग करणे गुन्हा ठरविले. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. प्रणयनाट्यात निष्ठा म्हणून जे गौरविले जाते, त्याचेच वर्णन कायद्यात अपराध म्हणून येते.

या तफावतीची किंमत कोण मोजते? खेड्यातून एस. टी.ने महाविद्यालयात येणाऱ्या मुलीच्या मागे कोणी लागले, तर ती घरी सांगताना कचरते. कारण सांगितले की बहुधा तिचेच शिक्षण थांबते. म्हणून ती गप्प राहते, रस्ता बदलते, मैत्रिणीबरोबर चालते. मागे येणारा या मौनाचा अर्थ मालिकेने शिकविलेल्या रीतीने लावतो आणि घरचे, मदयंतिकेप्रमाणे, दोष तिलाच देतात. तिच्या भोवती अर्थ लावणारे पुष्कळ असतात, आणि तिच्या बोलण्याला मात्र कोणी प्रमाण मानीत नाही.

प्रणयनाट्याने छळ दाखवूच नये, असा आग्रह धरता येणार नाही. वाङ्मयाला रावणही हवा असतो. आग्रह धरायचा तो वेगळ्या गोष्टीचा. नायिकेचा नकार कलाकृतीत शब्द म्हणून टिकतो का? त्याने नायकाच्या वागण्यात काही बदल घडतो का? तिने पुढे होकार दिला, तर तो विस्रंभातून आला की थकव्यातून, हे प्रेक्षकाला पाहू दिले जाते का? अडथळा नायिकेच्या इच्छेत न ठेवताही प्रणयकथा रचता येते. मालती आणि माधव यांच्यामधला मुख्य अडथळा राजाची मर्जी हा आहे, मालतीची इच्छा नव्हे. पद्मपूरच्या नाटककाराला जे साधले, ते आजच्या रूपबंधाला असाध्य मानण्याचे कारण नाही.