वाहणं कुणाचं?

लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवायला आम्ही बसलो होतो. नमुन्याला असावी म्हणून सासूबाईंनी ट्रंकेतून एक जुनी पत्रिका काढून दिली. माझ्याच लग्नाची. वर जिनेंद्रस्मरण आणि खाली, 'यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे.' लेक हसत सुटली. "आई, हे असं छापून सगळ्या गावाला वाटलंत?" मलाही हसू आलं. आमच्या बेळगावकडे तेव्हा असं सर्रास छापत असत. वाचणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे. तुमच्याही घरी जुनी पत्रिका असेल, काढून बघा.

लेकीने 'शुभविवाह' असं लिहिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "पण विधीत कन्यादान नको. मी काय वस्तू आहे?"

ह्यांनी वर्तमानपत्र उचललं. सासूबाई मात्र दुखावल्या. "माझ्या लग्नात आप्पा दिवसभर उपाशी होते. हात देताना त्यांचा हात थरथरत होता. वस्तू देणारा असा उपास करतो होय?"

दोघींचंही मला पटलं, हीच तर माझी अडचण. रात्री झोप येईना. मग बी.ए.ला संस्कृत होतं तेव्हाचा अमरकोश काढला. तिथे विवाहाला शब्द आहेत उपयम, परिणय, उद्वाह, उपयाम, पाणिपीडन. शेवटचा वाचून मनात आलं, चला, कोशकाराने पीडा निदान लपवली तरी नाही! खरा अर्थ हात दाबून धरणं, एवढाच. पण सगळे शब्द ओळीने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. परिणय म्हणजे अग्नीभोवती फिरवून नेणं, उद्वाह म्हणजे घरातून वाहून नेणं, उपयम म्हणजे आपलीशी करणं. नेणारा तो आणि नेली जाणारी ती. 'विवाह'सुद्धा त्याच 'वह्' धातूचा. ऊढा म्हणजे वाहून नेलेली. नवी नवरी नवोढा. आणि प्रौढ या शब्दातही तोच 'ऊढ' आहे. म्हणजे नवोढेपासून प्रौढेपर्यंतची माझी तीस वर्षं एकाच धातूत मावली म्हणायची.

आपली बोलीही यात मागे नाही. मुलगी 'दिली' म्हणतो, 'खपली' म्हणतो, 'उजवली' म्हणतो. उजवणं हे तर व्रताचं. नोंपी पुरी झाली की आपण ती उजवतो, तशीच मुलगीही उजवायची, म्हणजे आपण मोकळे!

आता दानाचं बघू. दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात दानाची व्याख्या आहे : दुसऱ्याच्या भल्यासाठी आपल्या मालकीचं सोडणं. मग लेक माझ्या मालकीची आहे का? अन्यत्वभावना म्हणताना आपण रोज घोकतो की, देहसुद्धा आपला नाही. देह आपला नाही, तर दुसरा जीव आपला कसा? आणि जे आपलं नाही त्याचं दान कसं करणार? त्याच अध्यायात लग्न झालेल्या स्त्रीसाठी 'परिगृहीता' असा शब्द येतो. परिग्रहाच्याच घरातला. ज्या परिग्रहाचं परिमाण बांधून घ्यायला आपण शिकतो, त्यात बाईही मोजली गेली होती, हे मान्य करायला जड जातं. पण शब्द तिथे आहे.

मात्र त्याच ग्रंथात, पाचव्या अध्यायात, आणखी एक शब्द आहे, उपग्रह. जीवांनी एकमेकांना आधार व्हावं, हा त्याचा आशय. परिग्रह, पाणिग्रहण, उपग्रह, तिन्हींत धातू एकच, धरण्याचा. आपलं म्हणून धरायचं, की पडू नये म्हणून धरायचं, एवढाच फरक. आप्पांचा थरथरता हात मला दुसऱ्या जातीचा वाटतो. विधीने त्यांच्या तोंडी दानाचा शब्द घातला होता, हात मात्र मालकाचा नव्हता. सासूबाई आठवण जपताहेत ती त्या हाताची, आणि लेक नाकारते आहे तो शब्द. दोघी भांडत होत्या त्या एकाच गोष्टीवरून नव्हेच.

आणि विवाह? मराठीत आपण ओझं वाहतो, काळजी वाहतो, देवाला फूलही वाहतो. घरात हे वाहणं बहुतेक बाईच्याच वाट्याला येतं. माझ्या घरातही आलं, आणि ते मी कधी बोलून दाखवलं नाही. नेली जाणारी ती आणि नंतर जन्मभर वाहणारीही तीच, असा या शब्दाचा उलटा हिशेब झाला आहे. तो सुलट करायला शब्द बदलायची गरज नाही. दोघांनी वाहिलं की झालं.

पत्रिकेत 'शुभविवाह' तसाच ठेवला. सकाळी लेकीला म्हटलं, "जावईबापूंना या शब्दाचा अर्थ तू सांग. लग्नाआधी सांग."

कन्यादानाचं उपाध्यांशी बोलायचं अजून राहिलंय. हात हातात द्यावा, पण दानाचे शब्द गाळावेत, असं विचारणार आहे. ते कदाचित रागावतील, भाऊबंदही बोलतील. सासूबाईंची समजूत तर आधीच घालायला हवी. हे सगळं लेकीच्या तोंडून येऊ नये, माझ्या तोंडून यावं. एवढं तरी मीच वाहायला हवं. आणि या वेळी ह्यांना वर्तमानपत्र बाजूला ठेवायला सांगणार आहे.