राखण कोणी करायची?

राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने देशातील मातीची पाहणी करून नकाशे सिद्ध केले. कोणती जमीन पिकाला योग्य, कोणती कुरणाला, कोणती वृक्षांसाठी राखावी, हे आज विज्ञान सांगू शकते. बोटभर माती घडायला शेकडो वर्षे लागतात, हेही तेच सांगते. परंतु जमीन किती सोसू शकते हे कळले, म्हणजे माणूस तेथे थांबतोच का? ज्ञानाचे काम संपते तेथून सदसद्विवेकाचे काम सुरू होते.

चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात, पाचगाव नावाचे लहानसे खेडे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्याला सुमारे १००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने एकत्र बसून नियम केले. बांबू विकायचा, पण मर्यादेत. तेंदूपत्ता मात्र तोडायचाच नाही. तेंदूपत्ता म्हणजे विदर्भातील गरिबाचा उन्हाळ्यातला रोख पैसा. परंतु चांगली पाने फुटावीत म्हणून झुडपे छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि जंगलाची हानी होते. म्हणून गावाने तो पैसा सोडला. कायद्याने घेण्याची मुभा असताना सोडला, यातच त्या कृतीचे नैतिक मोल आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर माणसाला बागेत ठेवतो तो दोन कामांसाठी: मशागत आणि राखण. मशागतीचे फळ आपण आनंदाने घेतो, राखण विसरतो. लेवीय पुस्तक तर सातव्या वर्षी भूमीलाच विसावा देते, कारण भूमी परमेश्वराची, आपण केवळ कारभारी.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्याग नेहमी गरिबानेच करायचा काय? आपल्या घरातील कूलर ज्या विजेवर फिरतो, तिच्यासाठी विदर्भाची भूमी उकरून कोळसा काढला जातो. स्वतः काहीही न सोडता वनवासी बांधवाला जंगल राखण्याचा उपदेश करणे, हा दांभिकपणा होय. मीही वेदीवरून असा उपदेश केला आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले, ते याचसाठी. दुसऱ्यावर लादलेला त्याग हा अन्याय ठरतो. स्वतः विचारपूर्वक स्वीकारलेला त्याग हीच खरी राखण.

प्रायश्चित्तकाळात आपण शुक्रवारी मांसाहार वर्ज्य करतो. मांसाहार हे पाप आहे म्हणून नव्हे, तर मन ताब्यात राहावे म्हणून. तशीच एक ग्रामसभा प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने रात्रीच्या प्रार्थनेनंतर घरी भरवावी. लहानथोरांनी मिळून एक गोष्ट ठरवावी: जी आपल्याला परवडते, जिला कोणाची मनाई नाही, आणि तरीही जी आपण यापुढे घेणार नाही.