स्वभावाला औषध नाही?



आजचं वाचन: गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ३५.

अर्जुन सरळ सांगतो, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत त्याला खोडून काढत नाहीत. कठीण आहे हे मान्य करतात आणि दोनच उपाय देतात: अभ्यास आणि वैराग्य.

आपण मात्र अर्जुनाच्या तक्रारीपाशीच थांबतो. "मी तापट आहे, बाबांवर गेलोय." वर म्हण तयारच असते: स्वभावाला औषध नाही.

खरंच नाही? उल्हासनगरच्या नळाला ज्या बारवी धरणाचं पाणी येतं, तिकडच्या जंगलात कधी मोहोळ दिसलं तर लांबूनच बघा. कामकरी माशी तरुणपणी पोळ्यात पिल्लांना भरवते, पुढे मध गोळा करायला बाहेर पडते. डीएनए तोच असतो, पण मेंदूतल्या डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा बदललेल्या असतात. आमच्या भाषेत, कोड तोच, कॉन्फिग वेगळं. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात.

२०१२ साली अँड्र्यू फाइनबर्ग, ग्रो आम्डाम आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाहेरच्या माश्या परतायच्या आत पोळ्यातल्या सगळ्या दाया काढून घेतल्या. परतलेल्यांपैकी काही जणी पुन्हा पिल्लांना भरवू लागल्या, आणि त्यांच्या मेंदूतल्या बऱ्याच खुणाही पुन्हा दायांसारख्या झाल्या.

माशी म्हणजे माणूस नव्हे. 'नामस्मरणाने अमुक जीन बदलतो' असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. पण 'एकदा बसलं ते कायमचं' हे गृहीतक तरी इथे टिकत नाही.

दुसरी बाजूही आहे. २००४ साली मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे स्झिफ यांच्या गटाला दिसलं की, ज्या उंदरांना आईने कमी चाटलं, कमी जवळ घेतलं, त्यांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या एका जीनवर वेगळ्या खुणा होत्या. म्हणजे बालपण अंगात मुरतं.

मग तापट माणूस दोषी की बिचारा? मला वाटतं, हे ज्ञान दोन मापांनी वापरावं. समोरचा चिडला तर विचारावं, याच्यावर काय काय गुदरलं असेल? स्वतः चिडलो तर मात्र हीच सबब घेऊ नये. बाबांना समजून घेणं ही करुणा. त्यांचा राग पुढे मुलांच्या हाती न देणं हा अभ्यास.

त्या माशीने काही संकल्प सोडला नव्हता. पिल्लं उपाशी होती, ती कामाला लागली. आपल्याला तर विवेकही मिळालाय.

आजचा अभ्यास: घरात ज्याच्यावर आवाज चढतो, त्याच्याशी एक वाक्य हळू बोला. उद्या पुन्हा.