लगाम सैल सोडा

२००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एका प्रयोगाची नोंद प्रसिद्ध केली. माणसांनी घोड्यावर बसून किंवा त्याला हाताशी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं, आता वाटेत छत्री उघडली जाईल. ती उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. घोड्यांना तर छत्रीची गोष्ट ठाऊकच नव्हती!

अंगावर बसलेली माशी ज्याला कळते, त्याला स्वाराच्या आवळलेल्या मांड्या कळणार नाहीत?

म्हणून घोड्यावर बसताना आधी आपला ताण सोडावा, असं मी म्हणते. स्पर्धांना माझा विरोध नाही. उंच अडथळ्यावरून झेपावणारा घोडा पाहताना मीही श्वास रोखते. पण दुडकी जमली की दौड, दौड जमली की उडी, मग पदक, हे प्रत्येकाला लागू कशाला करायचं? हौसेनं चाळिशीत घोड्यावर बसलेल्या माणसाला तर मुळीच नको.

घोडा नुसता चालतो तेव्हा चारही पाय एकेक करून टाकतो. चार सुटे ठोके ऐकू येतात. त्याच्या पाठीबरोबर आपली कंबर आपोआप डुलू लागते. पुष्कळजण ही चाल घाईनं उरकतात. मला मात्र तीच सर्वांत प्रिय आहे. लगाम सैल सोडावा, त्याला मान लांबवू द्यावी, वाटेत थांबावंसं वाटलं तर थांबावं.

या रविवारी रपेटीला जाणार असाल, तर मोतद्दाराला विचारून आधी खरारा हातात घ्या. खोगीर नंतर चढवता येईल.