सीप्झमधला मधला हात

अंधेरी पूर्वेला मरोळजवळ १९७३ साली सीप्झ हे निर्यातक्षेत्र उभे राहिले ते इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून परदेशी पाठवण्यासाठी. दागिन्यांना तिथे जागा मिळाली ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. आज त्याची ओळखच हिरेजडित दागिन्यांमुळे आहे. सोने बाहेरून येते. कच्चा हिराही बाहेरचाच. सुरतेत त्याला पैलू पडतात, अंधेरीत तो कोंदणात बसतो आणि बहुतेक माल अमेरिकेला जातो. खाण आपली नाही, गिऱ्हाईक आपले नाही. आपला आहे तो मधला हात.

हा हात इथेच का, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ सालच्या आपल्या ग्रंथात दिले. त्याच्या उदाहरणात ठरावीक वाइनसाठी पोर्तुगालला वर्षभर ८० माणसे लागतात, ठरावीक कापडासाठी ९०. इंग्लंडला त्याच कामांसाठी १२० आणि १००. दोन्हींत पोर्तुगाल सरस. तरीही पोर्तुगालने कापड विकतच घ्यावे, कारण ८० माणसांची वाइन देऊन त्याला ९० माणसांचे कापड मिळते. इंग्लंडही १०० माणसांच्या कापडावर १२० माणसांची वाइन मिळवतो. कोण अधिक कुशल, यावर हे ठरत नाही. एक काम करताना दुसरे कोणते सोडावे लागते, त्यावर ठरते. त्या सोडलेल्याचे मोल म्हणजे संधी खर्च; तो ज्याचा कमी, त्याला त्या कामात तुलनात्मक लाभ.

इथे मला थांबावेसे वाटते. न्यूयॉर्कमध्येही उत्तम जडाई होते, पण तिथल्या माणसाने दिवस खड्यांवर घालवला तर बुडणारी दुसरी कमाई मोठी असते. आपल्या कारागिराची लहान असते. म्हणजे ज्याला आपण देशाचा तुलनात्मक लाभ म्हणतो, त्यात कारागिराच्या कौशल्याइतकाच त्याच्यापुढे दुसरी चांगली वाट नसण्याचाही वाटा आहे. निर्यातीच्या आकड्यांत हे कुठे दिसत नाही.

शिवाय रिकार्डोच्या या सिद्धांतात माणूस एका धंद्यातून दुसऱ्यात सहज जातो असे धरलेले असते. सीप्झच्या एकाच कुंपणात जडाईचे कारखाने आहेत आणि सॉफ्टवेअरची कार्यालयेही. पण भिंगाखाली वर्षानुवर्षे खडे बसवणाऱ्याला शेजारच्या इमारतीत नोकरी मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जादा आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा देश आणि कारागीर यांच्यातले अंतर फार जवळून दिसले. देशाला दुसरी बाजारपेठ शोधता येते. घरभाडे आणि मुलांची फी महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्याला तेवढी सवड नसते.

रिकार्डोला याची जाणीव होती. व्यापाराचे प्रवाह एकाएकी बदलले की भांडवल पडून राहते आणि मजूर बेकार होतात, यावर त्याच ग्रंथात त्याने वेगळे प्रकरण लिहिले आहे. वाइन आणि कापडाचे सातवे प्रकरण आपल्या पाठ्यपुस्तकांत आले, हे एकोणिसावे मात्र मागे राहिले. अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी ही दोन्ही प्रकरणे एकाच तासाला शिकवावीत.