ताबा कोण घेतो?

न्यायालयाच्या हुकूमनाम्यानें एखादें बिऱ्हाड घराबाहेर निघतें, तेव्हां त्यास बाहेर कोण काढतो? प्रश्न पोरकट वाटेल. पण आम्हांस त्याचें सरळ उत्तर सांपडत नाहीं. न्यायाधीश म्हणतील, आम्ही निवाडा दिला, पुढली दरखास्त मालकाची. मालक म्हणेल, मीं केवळ दाद मागितली. दारावर आलेला बेलीफ तर हातांतलें वॉरंट पुढें करील.

१९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशांत ही रीत घालून दिली आहे. हुकूमनामा झाला म्हणजे घर मिळालें असें नव्हे. बजावणीसाठीं निराळी दरखास्त द्यावी लागते. तीस १२ वर्षांची मुदत आहे. मग ताब्याचें वॉरंट निघतें. भाडेकरू जागा सोडीत नसेल तर त्यास हलवावें. दार उघडीत नसेल तर वाजवी इशारा देऊन कुलूप काढावें वा दार फोडावें. मात्र आंत पडदानशीन स्त्री असल्यास तिला निघून जाण्यास वाव द्यावा. (शंभर वर्षांहून जुन्या या सवलतींत स्त्रीच्या पडद्याची काळजी आहे, ती जाईल कोठें, याची नाहीं.)

हीच संहिता पैशाच्या देण्यापायीं जप्ती करणाऱ्यास बजावते कीं, ऋणकोचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण व कारागिराचीं हत्यारें यांस हात लावूं नये. म्हणजे सावकारास जें पातेलें चुलीवरून उचलतां येत नाहीं, तें घराचा ताबा देतांना रस्त्यावर येऊं शकतें. यांत विसंगति नाहीं, असें वकील सांगतील, व तें खरेंहि आहे. तेथें ऋणकोचें घेतलें जातें, येथें मालकाचें मालकास परत मिळतें. तर्क निर्दोष, पातेलें मात्र रस्त्यावरच.

मालक म्हणजे राक्षस असें आम्ही मुळींच मानीत नाहीं. एखाद्या विधवेची सारी मिळकत म्हणजे भाड्यानें दिलेल्या दोन खोल्या असूं शकतात. हिंदुस्थानांतील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असा अभिप्राय प्रिव्ही कौन्सिलनें १८७२ सालीं दिला. आणि दरखास्ती सहा महिन्यांत निकालांत काढा, असें सर्वोच्च न्यायालयास २०२१ सालीं पुन्हा सांगावें लागलें!

दया कायद्यांत अजिबात नाहीं, असेंहि नव्हे. मालकानें स्वतःच्या गरजेसाठीं जागा मागितली असतां अधिक हाल कोणाचे होतील, हें पाहण्यास महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा न्यायालयास सांगतो. परंतु हा तोल निवाड्यापूर्वीं व्हावयाचा. मागाहून बजावणी करणारें न्यायालयसुद्धां हुकूमनाम्याची योग्यायोग्यता उकरून काढूं शकत नाहीं. मग बेलिफाची काय कथा? आणि तें ठीकच आहे. त्याच्या हातीं दया सोंपविली, तर तिचा भाव किती रुपये, हें आठवड्याभरांत साऱ्या आळीस कळेल.

राहतां राहिला मालक. चार महिने थांबतों असें म्हणण्याची मोकळीक या साखळींत त्या एकट्यासच आहे, आणि कायद्यानें केलें असें म्हणण्याची सोयहि त्यासच. हक्क बजावूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र बजावतांना त्यानें तेथें उभें राहावें. नियमाप्रमाणें ताबा हुकूमनामेदारास अथवा त्यानें नेमलेल्या इसमास देतां येतो, आणि बहुतेक मालक गुमास्ता धाडून मोकळे होतात.