हात कोणाचा?

शास्त्रपाठ : मार्क ६:१७-२९, अनुवाद १७:६-७, लूक २३:३४



बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची हकीकत आपण संडेस्कूलच्या मुलांना अनेकदा सांगितली आहे. हेरोदाचा वाढदिवस, मेजवानी, मुलीचे नृत्य, राजाची शपथ आणि शेवटी तबकात आणलेले शिर. यातला एक माणूस मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. मार्क त्याचे नावही देत नाही. राजाने पाठवले, तो तुरुंगात गेला आणि शिर घेऊन आला.

त्याच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘स्पेकुलातोर’ हा लॅटिनमधून आलेला शब्द आहे. त्याचा पहिला अर्थ टेहळणी करणारा, पुढे राजाच्या पहाऱ्यावरचा शिपाई. पोटीफराच्या पदवीत ‘तब्बाह’ हा इब्री शब्द येतो. त्याचा अर्थ कापणारा. म्हणून शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तोच शब्द आचाऱ्यासाठी आहे. आपला ‘जल्लाद’ अरबीतून आला. मुळात तो फटके मारणारा. कातडे या अर्थाच्या ‘जिल्द’शी त्याचे नाते आहे. टेहळ्या, कापणारा, फटके मारणारा! ‘जीव घेणारा’ असे सरळ नाव यांतल्या एकाही शब्दात नाही.

असे का बरे? मारावे असे अनेकांना वाटते, पण हात आपला नसावा असेही वाटते.

जर्मनीतील होफ गावची एक गोष्ट ऐका. १५५३ साली तेथील सरदाराला तिघांना फाशी द्यायचे होते, पण गावात फाशी देणारा नव्हता. त्याने बघ्यांच्या गर्दीतून हाइनरिख श्मिट नावाच्या माणसाला पुढे ओढले व जिवाची धमकी देऊन ते काम करवून घेतले. त्या दिवसापासून शेजाऱ्यांनी त्याला आपल्यातून काढले. त्याचा मुलगा फ्रान्ट्स याला दुसरा धंदाच उरला नाही. न्यूरेंबर्ग शहरात तो १५७८ पासून ४० वर्षे जल्लाद होता. त्याच्या रोजनिशीत ३६१ देहान्त शिक्षांची नोंद आहे. मोडलेली हाडे बसवून घ्यायला मात्र लोक त्याच्याकडेच जात! अखेर १६२४ साली बादशहाने त्याच्या घराण्याची अब्रू परत दिली.

हे शहर आपल्यासारख्या प्रॉटेस्टंटांचे होते, हे विसरू नका. मार्टिन ल्यूथर यांनी १५२३ सालीच लिहिले होते की असे काम ख्रिस्ती माणसाने केले तरी दोष नाही. तत्त्व सर्वांना मान्य होते. शेजार मात्र नको होता.

मोशेच्या नियमशास्त्राने ही पळवाट ठेवली नव्हती. ज्याने साक्ष दिली, त्याचाच हात प्रथम उचलला जावा, अशी तेथे आज्ञा आहे. म्हणजे बोलणाऱ्याने आपल्या शब्दाचे ओझे स्वतःच्या हातात घ्यावे. हेरोदाने ते घेतले नाही. तो खिन्न झाला, पण पंक्तीला बसलेल्यांची भीड मोठी ठरली. पिलाताने तर पाणी मागवून हात धुतले.

आपणही हात धुतच आलो आहोत. आपल्या देशात मेलेले ढोर ओढायला, मैला उचलायला माणसे नेमली आणि काम होताच त्यांनाच अस्पृश्य म्हटले. ख्रिस्ती मंडळीत हे नाही, असे म्हणण्यापूर्वी थांबू या. आपल्या माणसांच्या कबरी कोण खणतो? त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? अंत्यविधीनंतरचा चहा त्याला आपल्या शेजारी बसवून देतो, की दाराबाहेर?

प्रभु येशूच्या हातापायांत खिळे ठोकणारे शिपाईही हुकमाचेच ताबेदार होते. त्यांचीही नावे लिहिलेली नाहीत. पण वधस्तंभावरून प्रभूने पित्याजवळ क्षमेची याचना केली, तेव्हा ते खिळे ठोकणारे त्या क्षमेबाहेर राहिले नाहीत. हुकूम देणारे आणि हात उचलणारे, दोघांनाही त्याच क्षमेची गरज होती. आपणांसही आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, पुढच्या वेळी हा धडा शिकवाल तेव्हा मुलांना विचारा : योहानाला कोणी मारले? बहुतेक मुले एकच नाव सांगतील. मग हळूच विचारा, पंक्तीतले पाहुणे गप्प का बसले?

प्रभु आपणांस स्वतःचे हात ओळखण्याची बुद्धी देवो. आमेन.